छंद, नोंदवही आणि तलाव

थंडीच्या दिवसांत भंडाऱ्याहून साकोलीकडे निघाले, की लाखनीच्या अलीकडे-पलीकडे धानाच्या बांध्यांतून ठिकठिकाणी पाणी चमकताना दिसते. कुठे मोठा तलाव, तर कुठे लहानशी बोडी. भंडाऱ्याला तलावांचा जिल्हा म्हणतात ते उगीच नव्हे. या पाण्यावर हिवाळ्यात रानबदके उतरतात. अशा वेळी पाळीवर गळ्यात दुर्बीण अडकवलेले एखादे गुरुजी आणि त्यांच्याभोवती वह्या घेऊन उभी असलेली मुले दिसली, तर येणारे-जाणारे थांबतात. “गुरुजी, बदके मोजून काय होणार?” असे कोणीतरी विचारतेच.

प्रश्न रास्त आहे. छंद ही आपल्या समजुतीप्रमाणे फावल्या वेळची गोष्ट, आणि विज्ञान ही प्रयोगशाळेतली. पण पक्षी, फुलपाखरे, मासे, वनस्पती यांच्याबद्दल आपल्या देशात जे ज्ञान जमा झाले, त्याचा मोठा भाग पगारी शास्त्रज्ञांनी नव्हे, तर हौशी माणसांनी जमा केलेला आहे. छंदाचे ज्ञान कसे झाले, आणि कुठे ते होता होता राहिले, हे पाहिले तर गुरुजींना उत्तर देणे सोपे जाईल.

आठ माणसे आणि एक खोली

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र जमले. जागा होती भायखळ्याचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. सहा जण इंग्रज आणि दोघे मराठी. आपापल्या निरीक्षणांची देवाणघेवाण करावी आणि जमवलेले नमुने एकमेकांना दाखवावेत, एवढाच त्यांचा साधा हेतू होता. यातूनच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी जन्माला आली.

त्या दोन मराठी सभासदांची नावे आपल्या शाळांतून सहसा सांगितली जात नाहीत. एक होते डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वैद्यकाबरोबरच वनस्पतिशास्त्राचे जाणकार. पुढे डॉक्टर झालेल्या रखमाबाईंचे ते सावत्र वडील. इंग्रजांपैकी ई. एच. एटकिन हे साताऱ्यास जन्मलेले, जकात आणि मीठ खात्यातील अधिकारी. पुढे संस्थेत आलेल्या आर. ए. स्टर्नडेल यांनी भंडाऱ्याच्या उत्तरेस असलेल्या सिवनीच्या जंगलांवर १८७७मध्ये पुस्तक लिहिले होते. म्हणजे आपल्या भागाच्या शेजारचे रान संस्थेच्या सुरुवातीच्या काळातील एका माणसाला चांगले ठाऊक होते.

या आठांपैकी बहुतेकांचा प्राणिशास्त्र हा पोटाचा धंदा नव्हता. पुढच्या वर्षी एच. एम. फिप्सन या मद्यविक्रेत्याने फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या दुकानातील एक खोली मंडळाला वापरायला दिली. पुढे या कार्यालयात एक धनेश पक्षी पाळलेला होता. तोच संस्थेच्या बोधचिन्हावर आला. आज जगभर नाव असलेल्या या संस्थेचा संसार असा दुकानातल्या खोलीत सुरू झाला.

मग आजूबाजूच्या इतर हौशी मंडळांहून तिचे वेगळेपण कशात? आमच्या मते ते १८८६च्या जानेवारीत दिसले. त्या महिन्यात संस्थेने आपले नियतकालिक सुरू केले. एटकिन आणि स्टर्नडेल हेच त्याचे संपादक होते. कोणी कुठे, कोणत्या तारखेला, काय पाहिले हे आता छापले जाऊ लागले. शेकडो मैलांवरच्या माणसाला ते वाचता येई, आणि “माझ्याकडे असे दिसत नाही” असे उलट कळवताही येई. छंदाला साक्षीदार आणि परीक्षक दोन्ही मिळाले.

कागद हरवला तर

याच काळातले दुसरे उदाहरण सावध करणारे आहे. काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूम हे सरकारी अधिकारी असले, तरी जिवाभावाचे पक्षी-अभ्यासक होते. त्यांनी १८७२च्या सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ हे पक्षिविषयक नियतकालिक सुरू केले. देशभरातले अधिकारी आणि हौशी संग्राहक त्यांना नोंदी व नमुने पाठवीत. भारतीय पक्ष्यांवर एक प्रचंड ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. पण वर्षानुवर्षे लिहिलेली हस्तलिखिते सिमल्याच्या घरातून चोरीला गेली आणि बाजारात रद्दीच्या भावाने विकली गेली. ह्यूम यांनी हाय खाल्ली. १८८५मध्ये त्यांनी सुमारे ८०,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि तो ग्रंथ कधीच झाला नाही. मात्र ‘स्ट्रे फेदर्स’मध्ये जे छापून झाले होते, ते आजही अभ्यासकांच्या उपयोगी पडते. एकाच्या कपाटातली वही आणि अनेकांच्या हाती पोचलेला कागद यांतला फरक यावरून लक्षात यावा.

अशा मंडळाचे दार एखाद्या मुलासाठी उघडले तर काय होते, याची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. पिवळ्या गळ्याची एक चिमणी हातात घेऊन एक मुलगा मुंबईच्या संस्थेत गेला आणि ही कोणती जात, असे त्याने विचारले. तेथील मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला हाकलून न देता संग्रहातली कपाटे उघडून दाखवली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे त्यांना पुढे सरकारी पक्षितज्ज्ञाची जागा मिळू शकली नाही. १९४१मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक निघाले आणि पक्षी ओळखणे सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. १९६०च्या सुमारास जफर फतेहअली यांनी पक्षिनिरीक्षकांसाठी एक साधी, चक्रमुद्रित वार्तापत्रिका सुरू केली. मुंबई-दिल्लीपासून दूर एकटा निरीक्षण करणारा माणूस तिच्यामुळे इतरांशी जोडला गेला.

हीच वाट आकाशनिरीक्षकांनीही चालली. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४मध्ये स्थापन झाली. हौशी खगोलप्रेमींची ती देशातली सर्वांत जुनी संस्था. विषय वेगळा असला तरी रीत तीच: पाहा, लिहा, दाखवा.

मोजण्यातले शास्त्र

नुसते पाहिलेले लिहिणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी मोजण्याची. १९००च्या नाताळात अमेरिकेत फ्रँक चॅपमन यांनी एक सूचना केली. सणाच्या दिवशी जास्तीत जास्त पक्षी मारण्याची चढाओढ तेथे लागत असे. त्याऐवजी पक्षी मोजावेत, असे त्यांनी सुचवले. पहिल्या वर्षी २७ माणसांनी २५ ठिकाणी मोजणी केली. ती प्रथा आजही चालू आहे आणि शंभराहून अधिक वर्षांची मालिका तयार झाली आहे. आपल्याकडे १९८७पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, आणि तिचाही कणा हौशी निरीक्षकच आहेत.

येथे वर्गात विचारण्याजोगा एक प्रश्न आहे. सर्वांनी एकाच सुमारास का मोजायचे? समजा, सकाळी एका तलावावर चाळीस बदके मोजली. दुपारी ती उडून शेजारच्या तलावावर गेली आणि दुसऱ्या गटाने तेथे पुन्हा चाळीस मोजली. वहीत ऐंशी झाली, पण पाण्यावर चाळीसच! गोंदिया जिल्ह्यात ‘सेवा’ ही संस्था स्वयंसेवक, शेतकरी आणि वनविभागाच्या साथीने सारसांची गणना करते, तेव्हा हीच काळजी घेतली जाते. पावसाळ्याच्या तोंडावर, पहाटे, अनेक गट ठरलेल्या जागी एकाच वेळी हजर असतात. नदीपलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यातही मोजणी होते, कारण सारसाला राज्याची सीमा ठाऊक नसते.

सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि थोडा भंडारा एवढ्याच भागात उरला आहे. अलीकडच्या गणनांत गोंदिया, भंडारा आणि बालाघाट मिळून ही संख्या शंभराच्या आतच राहिली आहे. धानाच्या बांधीत आणि पाणथळ जागी तो घरटे करतो. त्यामुळे शेतातली कीटकनाशके, विजेच्या तारा आणि आटत चाललेल्या पाणथळ जागा ही त्याची संकटे आहेत. २०२१मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. न्यायालयासमोर “सारस कमी झाले असे वाटते” एवढे म्हणून चालत नाही. आकडे लागतात, आणि ते वर्षानुवर्षे पहाटे उठून मोजणाऱ्यांच्या वह्यांत असतात.

पाळीवरचे जाणकार

आता पुन्हा तलावाकडे येऊ. भंडारा-गोंदियातील जुने तलाव मुख्यतः कोहळी समाजाने बांधले. पाण्याचा उतार ओळखून पाळ घालण्यात ही मंडळी वाकबगार. १९५१च्या सुमारास मालगुजारी गेली आणि हे तलाव सरकारकडे आले. गाळ काढण्याची, पाळ दुरुस्त ठेवण्याची गावची जुनी व्यवस्था मात्र विस्कटली. तलाव उथळ झाले, काठाने बेशरम माजली.

या तलावांचे सर्वांत जुने निरीक्षक कोण? मासेमारी करणारे ढीवर बांधव. कोणता मासा कुठल्या वनस्पतीच्या आडोशाला अंडी घालतो, पाणी कधी गढूळ होते, कोणते पाखरू कोणत्या महिन्यात येते, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत आहे. पण १८८३च्या त्या खोलीत ते नव्हते आणि नंतरच्या इंग्रजी वार्तापत्रिकाही त्यांच्यापर्यंत पोचल्या नाहीत. छंदमंडळांच्या इतिहासातली ही मोठी उणीव आहे. ज्याच्याकडे दुर्बीण तो निरीक्षक, आणि ज्याचे सारे आयुष्य पाण्यात गेले तो नुसता ‘माहितगार’, असा भेद आपण नकळत करीत आलो.

हा भेद मोडता येतो, याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. अर्जुनी-मोरगाव परिसरात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढीवरांबरोबर तलावांचा अभ्यास केला. माशांच्या व पाणवनस्पतींच्या स्थानिक जाती नोंदवल्या. नावातच ‘अभ्यास मंडळ’ असलेले हे काम वहीवर थांबले नाही. बेशरम उपटणे, तलावाच्या तळाची मशागत करणे, देशी पाणवनस्पती पुन्हा लावणे असे प्रयोग झाले. वनस्पती परतल्या तशी माशांची स्थिती सुधारली, आणि ढीवरांच्या मिळकतीलाही त्याचा आधार झाला. ज्यांचे पोट तलावावर आहे त्यांचे ज्ञान नोंदवहीत आले, तेव्हा तिचा उपयोगही त्यांच्याच पदरात पडला.

आजची वही

आता नोंदी संगणकावर आणि मोबाइलवर जातात. ‘ई-बर्ड’ हा २००२मध्ये अमेरिकेत सुरू झालेला उपक्रम भारतातही रुळला आहे. ‘भारतातील पक्ष्यांची स्थिती’ या २०२३च्या अहवालासाठी सुमारे ३०,००० निरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींचा विचार झाला. एटकिन आणि सखाराम अर्जुन यांना हे स्वप्नातही दिसले नसते. तरी यंत्र बदलले म्हणून रीत बदलत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या सुंदर छायाचित्राखाली तारीख आणि ठिकाण नसेल, तर अभ्यासाच्या दृष्टीने त्याची किंमत रद्दीइतकीच. उलट, दुर्मीळ पक्ष्याच्या घरट्याची जागा सर्वांना कळवली, तर तेथे गर्दी होऊन पक्षी घरटे सोडून जाण्याची भीती असते. काय लिहावे याबरोबर काय जाहीर करू नये, हेही मुलांना सांगायला हवे.

लाखनीत ‘ग्रीनफ्रेंड्स नेचर क्लब’ हे मंडळ शाळकरी मुलांना घेऊन निसर्गाचे उपक्रम करीत आले आहे. प्रत्येक गावी असे मंडळ असेलच असे नाही; पण प्रत्येक शाळेजवळ एखादा तलाव, बोडी किंवा नाला असतोच. त्यासाठी एक जाड वही घालावी. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागेवरून अर्धा तास पाहावे. तारीख, वेळ, किती जण होते, पाणी कुठवर होते, कोणते पक्षी किती दिसले, हे लिहावे. नाव न कळल्यास वर्णन लिहावे. गावातल्या ढीवर काकांना, गुराख्याला, शेतात राबणाऱ्या आजीला विचारून पक्ष्याचे स्थानिक नाव टिपावे आणि सांगणाऱ्याचे नावही त्याच पानावर लिहावे. वर्षाच्या शेवटी वहीची एक प्रत शाळेबाहेर, दुसऱ्या सुरक्षित जागी ठेवावी. ह्यूम यांची गोष्ट आठवावी.

आणि एखाद्या महिन्यात काहीच दिसले नाही तर? मुले हिरमुसतात आणि ते पान कोरे सोडू पाहतात. तसे होऊ देऊ नये. “आज अर्धा तास पाहिले, एकही बदक नाही,” हीसुद्धा नोंदच आहे. कोऱ्या पानावरून पुढे काहीच कळत नाही. पण दहा वर्षांनी कोणी विचारले, की या तलावावर बदके येणे कधी थांबले, तर ते शून्यच उत्तर देईल. पाळीवर थांबून प्रश्न विचारणाऱ्याला गुरुजींनी ती वही दाखवावी, आणि त्याला लहानपणी या तलावावर काय दिसत होते, तेही विचारून लिहून घ्यावे.