शिक्षिकेच्या हाती कॅमेरा

भगिनींनो, इतिहास म्हटला की आपल्याला गड आणि लढाया आठवतात. परंतु आपल्या डोळ्यांदेखत एका मराठी स्त्रीने जे करून दाखविले, तेही स्मरणिकेत नोंदवून ठेवावे असे मला वाटते.

सुमित्रा भावे यांचा जन्म १२ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात झाला. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर त्यांनी राज्यशास्त्र व समाजशास्त्र यांचा पुढील अभ्यास केला, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत ग्रामीण कल्याणाचे शिक्षण घेतले आणि पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत अनेक वर्षे अध्यापन केले. चित्रपटाचे रीतसर शिक्षण मात्र त्यांनी कधीच घेतले नव्हते.

मग ही अध्यापिका दिग्दर्शिका झाली कशी? झोपडपट्टीतील स्त्रियांच्या जीवनावर संशोधन करताना त्यांच्या मनाला एक गोष्ट लागून राहिली. ज्या बायांनी आपली सुखदुःखे मोकळ्या मनाने सांगितली, त्यांतील कितीजणींना तो अहवाल वाचता येणार होता? अक्षरओळख नसली तरी चित्र सर्वांनाच कळते, या विचारातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट तयार झाला. पहिल्याच प्रयत्नाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला.

पुढे सुनील सुकथनकर यांच्या जोडीने त्यांनी अनेक चित्रपट केले. ‘दोघी’मध्ये दोन बहिणींची व्यथा आहे, ‘दहावी फ’मध्ये मागे पडलेल्या मुलांना हात देणारा शिक्षक आहे. ‘देवराई’ने मनोरुग्णाचे, तर ‘अस्तु’ने स्मृती हरपलेल्या वृद्धाचे दुःख घरोघरी समजावून दिले. ‘कासव’ला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ जाहीर झाले. १९ एप्रिल २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. वर्ग सुटला तरी त्यांचे शिकविणे सुटले नव्हते, असेच हे चित्रपट पाहताना मला वाटते.

आपले मंडळही दरवर्षी अहवाल छापते. शिवणवर्गातल्या, पाळणाघरातल्या ज्या भगिनींविषयी आपण त्यात लिहितो, त्यांपैकी काहीजणींना वाचता येत नाही. तेव्हा यंदाचा अहवाल सभेत मोठ्याने वाचावा, त्यांना पुढच्या रांगेत बसवावे, आणि “हे असेच घडले ना?” असे त्यांनाच विचारावे, एवढीच माझी सूचना आहे.