चार दिवस वाडीला : साखळीकरांची दोन देशांतली सुट्टी



मे महिना जवळ आला की आपल्या ग्रुपवर सहलींचे बेत आणि फोटो सुरू होतात. आमच्याकडे सध्या सिंगापूर-मलेशिया असा पाच दिवसांचा बेत चाललाय. परवा नातीनं विचारलं, "आजोबा, एका सुट्टीत दोन देश, असं तुमच्या वेळी होतं का?" होतं की. साखळीतल्या कितीतरी घरांना होतं, आणि त्याला विमान लागत नव्हतं. साखळीहून डिचोली, डिचोलीहून दोडामार्ग, की लागला दुसरा देश. आज गाडीनं तासभरसुद्धा लागत नाही. तिला चार वाक्यांत सांगितलं, पण तेवढ्यानं माझंच समाधान झालं नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितो.

आमची आई सावंतवाडीची. तिचं लग्न ठरलं तेव्हा मुलगी परदेशात दिली असं कुणाच्या मनातही आलं नसणार. आमच्याकडे 'भारतात जातो' असं कुणी म्हणतच नसे. 'वाडीला जातो' म्हणायचे. आणि ते बरोबरच होतं. डिचोली, साखळी, सत्तरी, पेडणे हा सगळा भाग 'नव्या काबिजादी'तला, म्हणजे पोर्तुगीजांच्या हातात गेला तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधी इकडे वाडीच्या भोसल्यांचा अंमल होता. सासष्टी-बारदेशात पोर्तुगीज सोळाव्या शतकात आले, आपल्याकडे दोनेकशे वर्षांनी उशिरा. तोवर सोयरिकी, देवस्थानं, घाटावरचा व्यापार सगळं ठरून गेलेलं होतं. हद्द नंतर आली आणि घराघरांमधून गेली. सावंतवाडी संस्थान १९४८ साली मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा पलीकडचा राजा जाऊन सरकार आलं. आईच्या दृष्टीनं माहेर तिथंच होतं.

आता १९५४ च्या मे महिन्यातल्या सुट्टीबद्दल. मी सात वर्षांचा होतो. काही मला आठवतं, काही बाबांच्या तोंडून ऐकलेलं. बाबांचं साखळीच्या बाजारात किराणा-भुसाराचं दुकान. त्यामुळे बेत ठरे तो बाजाराच्या दिवसावर. सोमवारचा बाजार आटोपायचा, मंगळवारी पहाटे निघायचं आणि रविवारच्या आत परत यायचं, म्हणजे पुढच्या सोमवारी दुकान उघडं. वाडीला पोचायला एक दिवस आणि यायला एक. प्रत्यक्ष सुट्टी चार दिवसांचीच.

तयारी मात्र पंधरा दिवस आधीपासून. पहिली पैशांची. आपल्याकडे तेव्हा रुपिया चालायची, बांको नासियोनाल उल्त्रामारिनोची नोट. पलीकडे भारताचा रुपया. किंमत सारखी धरलेली, त्यांचे सोळा आणे तसे आपले सोळा तांगे. त्यामुळे हिशेब सोपा, पण नोट वेगळी. दोडामार्गाचे दुकानदार आपली नोट घेत, थोडा वटाव कापून. बाबांना तो वटाव फार लागायचा. म्हणून ते वर्षभर दुकानात आलेले भारताचे रुपये एका डब्यात बाजूला टाकत. तो 'वाडीचा डबा'. मी पुढं बँकेत छत्तीस वर्षं काढली, परकीय चलनाचे नियम कोळून प्यालो, पण परकीय गंगाजळी म्हणजे काय हे मला त्या डब्यानं आधीच शिकवलं होतं.

दुसरी तयारी दागिन्यांची. आई अंगावरच्या प्रत्येक दागिन्याची यादी एका कागदावर लिहून घ्यायची, पाटल्या दोन, मंगळसूत्र, कुड्या, नथ. ती जाताना नाक्यावर दाखवायची. नाहीतर येताना 'हे सोनं तुम्ही कुठून आणलंत' असं विचारायचे. नवीन लुगडं असेल तर ती ते आधी एकदा पाण्यातून काढायची, म्हणजे घडीमोड झालेलं दिसे. यात फसवाफसवी किती आणि सावधपणा किती ते आई जाणे.

तिसरी गोष्ट म्हणजे काय न्यायचं नाही. मामांना संधिवात होता आणि गुडघ्याला चोळायला त्यांना काजूची फेणी हवी असायची. (चोळायलाच, असं आम्ही सगळे मानून चालत होतो.) पण पलीकडे मुंबई राज्यात दारूबंदी आणि मुख्यमंत्री मोरारजीभाई. बाबा बाटली न्यायला साफ नकार द्यायचे. आपल्या बाजूला भीती वेगळी, छापील कागदाची. पोर्तुगीज अमलात सेन्सॉर इतका कडक की लग्नाची आमंत्रणपत्रिकासुद्धा आधी तपासून घ्यावी लागे, तेव्हा भारतातलं वर्तमानपत्र पिशवीत सापडणं म्हणजे काय होतं ते समजून घ्या.

त्या वर्षी नेमकं तेच झालं. वाडीच्या चितारआळीत मामांनी आम्हां भावंडांना लाकडी खेळणी घेऊन दिली, भातुकलीचा संच आणि रंगीत फळं. दुकानदारानं ती वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिली, जशी कोणीही देईल. परत येताना आपल्या आल्फांदवर, म्हणजे पोर्तुगीज कस्टमच्या नाक्यावर, शिपायानं एकेक फळ सोडवलं. खेळणी आम्हाला परत दिली. कागद मात्र सगळे सपाट करून, एकावर एक रचून ठेवून घेतले. त्याला मराठी वाचता येत नव्हतं. लाकडी आंबे, केळी, सीताफळं उघडी करून आईच्या ओच्यात टाकली आणि आम्ही डिचोलीच्या कारेरीत बसलो. पुष्कळांचा रंग त्या दिवशीच खरचटला.

ती आमची दोन देशांतली शेवटची सुट्टी ठरेल असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

इथं जरा मागं जातो, कारण बँकेत असताना जुन्या नाण्यांचा नाद लागला त्यातून मला एक गोष्ट कळली ती पुष्कळांना माहीत नसते. ही हद्द एकदा जवळजवळ पुसली गेली होती. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात एक करार झाला. त्यानुसार १८८० पासून १८९२ पर्यंत, बारा वर्षं, ब्रिटिश हिंदुस्थान आणि गोवा यांच्यामधले जकातीचे नाके उठवले गेले. गोव्याची रुपिया इंग्रजी रुपयाच्या वजनाची झाली आणि ती नाणी पाडली गेली कलकत्त्याच्या टांकसाळीत. १८८१-८२ ची, राजा लुईशचा मुखवटा असलेली ती नाणी जुन्या घरांत अजून सापडतात. मुरगावची रेल्वे याच कराराचं फळ. आता हे फुकट झालं नाही. मिठाचा मक्ता इंग्रजांनी घेतला, त्याबद्दल पोर्तुगीज सरकारला वर्षाला ४ लाख रुपये मिळत. सरकारला पैसे मिळाले आणि मिठागरवाले बुडाले. पेडण्यात आगरवाड्याकडच्या मंडळींच्या घरी याच्या गोष्टी असतील तर त्यांनी जरूर लिहाव्यात. १८९२ ला करार पुढं चालवला गेला नाही आणि नाके परत आले. म्हणजे माझ्या पणजोबांनी नाका नसलेली हद्द पाहिली होती, आणि मग नाक्यासकट परत पाहिली.

आता १९५५. १५ ऑगस्टला पत्रादेवीला जे घडलं ते पेडणेकरांना सांगायला नको. निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. कर्नेलसिंग बेनिपाल तिथंच पडले, हिरवे गुरुजीही त्याच दिवसाचे हुतात्मे. त्यानंतर भारत सरकारनं पणजीतली आपली वकिलात बंद केली, कॅसलरॉकवरून येणारी गाडी थांबली, मुंबईच्या बोटी थांबल्या, माल बंद झाला. माणसांना जायचं तर परवाना, आणि तो सुट्टीसाठी मिळत नसे.

आपण सगळं पाखल्यांच्या माथी मारतो. ते अर्धंच खरं आहे. १९५५ नंतरची कोंडी भारताची होती. तिचं कारण मला पटतं. पत्रादेवीनंतर दुसरं काय करायचं होतं, असंही मी म्हणेन. पण कोंडी केली की तिची किंमत कोण भरतो हेही पाहायला हवं. लिस्बनमधल्या कुणाचं काही अडलं नाही. गोव्यातसुद्धा खाणीचा पैसा खुळखुळत होता, बोटीनं वाटेल तो माल येत होता. बाबांच्या दुकानात हॉलंडचे बटाटे होते, सिलोनचा चहा होता. डिचोलीत जपानी सिमेंटची घरं उठत होती. किंमत भरली ती हद्दीला लागून असलेल्या घरांनी, दोन्ही बाजूंच्या. पलीकडे वाडी, वेंगुर्ले, मालवणातल्या कितीतरी कुटुंबांचं कुलदैवत आपल्याकडे, कवळ्याची शांतादुर्गा, मंगेशी, म्हार्दोळची म्हाळसा. त्यांच्या ओट्या, मुंजीनंतरची दर्शनं, नवस राहून गेले. आणि इकडे आमच्या आयांची माहेरं राहून गेली.

आई बटाट्याची भाजी चिरताना एकदा बाबांना म्हणाली होती, "अहो, हा बटाटा कुठून आला म्हणालात?" बाबांनी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आणि वाडी किती मैल?" बाबा काही बोलले नाहीत.

१९५८ मध्ये आईचे वडील आजारी पडले. बाबांनी परवान्याचा अर्ज केला. तो पोर्तुगीजमधून लिहायचा. बाबांना पोर्तुगीज हिशेबापुरतं यायचं, त्यामुळे बाजारातल्या एका सेगुंद ग्राव झालेल्या गृहस्थांकडून लिहून घेतला. इकडचा कागद झाला तरी तिकडची परवानगी वेगळी. दोन कागद एकाच वेळी हातात येण्याचा योग आला नाही. आजोबा गेले. निरोप आला तो नवव्या दिवशी, एका माणसाच्या तोंडी. लग्न झालेल्या लेकीचं तीन दिवसांचं सुतक आईनं साखळीतच धरलं. वाळवंटीवर जाऊन अंघोळ करून आली आणि चौथ्या दिवशी नेहमीसारखी कामाला लागली. परवाना नंतर आला. बाबांनी तो तिला दाखवला नाही, दुकानातल्या खतावणीत ठेवून दिला. तो अजून माझ्याकडे आहे.

पुढच्याच वर्षी, १९५९ मध्ये, रुपिया गेली आणि एस्कुदो आला. एका रुपियेला सहा एस्कुदो. तोवर भारतातही आणे जाऊन नवे पैसे आले होते. सोळा तांगे सोळा आण्यांना जुळायचे, आता सहाशे सेंताव्ह आणि शंभर नवे पैसे. बाबा म्हणायचे, माणसं तुटली ती तुटली, आता अपूर्णांकसुद्धा जुळत नाहीत. वाडीचा डबा मात्र त्यांनी मोडला नाही.

१८ डिसेंबर १९६१ ला पहाटे सैन्य दोडामार्गाच्या बाजूनं आत आलं. मी चौदा वर्षांचा होतो, त्या दोन दिवसांवर वेगळं लिहायला हवं, इथं नको. आमच्या विषयापुरतं एवढंच, की हद्द गेली आणि त्याच पहाटे पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोलीचा पूलही उडवला. म्हणजे परवाना नको झाला तेव्हा वाट मोडली.

१९६२ च्या मे महिन्यात आम्ही वाडीला निघालो. आठ वर्षांनी. बेत तोच, सोमवारचा बाजार, मंगळवारची पहाट. बाबांनी डबा काढला, आतले पैसे आता घरचेच झाले होते. आदल्या रात्री आई कागद घेऊन बसलेली दिसली. पाटल्या दोन, मंगळसूत्र, कुड्या. नथ यादीत नव्हती, ती मधल्या वर्षांत मोडली होती. मी म्हटलं, "आई, आता कोण बघणार?" ती म्हणाली, "असू दे." दोडामार्गाला नाक्याचं छप्पर तेवढं होतं, खाली गुरं बसली होती. आईनं कागद कनवटीतून काढला नाही. वाडीत घराच्या पायरीवर आजी उभी होती. आजोबांची खुर्ची ओसरीवर तशीच ठेवलेली.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आपल्या डिचोली, पेडणे, सत्तरीनं महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूनं कौल दिला, पण एकूण गोव्यात १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० असा निकाल लागून गोवा वेगळा राहिला. त्यावर या ग्रुपवर पूर्वी पुरेशी भांडणं झालेली आहेत, मी नव्यानं लावत नाही. पण आमच्याकडच्या त्या मतांत भाषेचं प्रेम जेवढं होतं तेवढीच हद्दीची धास्तीही होती, असं मला वाटतं. ज्या घरानं नवव्या दिवशी निरोप ऐकला ते घर पुन्हा रेघ ओढायला कसं तयार होईल?

२०२० च्या कोरोनात दोडामार्गाला आणि पत्रादेवीला परत अडसर लागले. गोव्यात नोकरीला असणारी पलीकडची मुलं नाक्यावर अडकली. आमचा भाचा त्यातलाच. फोनवर म्हणाला, "मामा, ई-पास काढा म्हणतात." मी त्याला म्हटलं, दोन्ही बाजूंचा काढ, आणि दोन्हींच्या तारखा जुळतात का ते आधी बघ.

पेडणे, डिचोली, दोडामार्ग, बांदा इकडच्या ज्या घरांत १९५५ ते ६१ मधले परवाने, अर्जांच्या नकला किंवा नाक्यावरच्या दागिन्यांच्या याद्या असतील, त्यांनी कृपया फोटो काढून इथं टाकावेत. नाव-गाव झाकून टाकलं तरी चालेल, तारीख मात्र दिसू द्या. माझ्याकडचा परवाना मी खाली टाकतोय.