शाळा सुटल्यावर वाचन कुठे जाते? वाशिम, बडोदे आणि ग्रंथालयाच्या दारातले किशोर

१/ वाशिम शहरातल्या किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या वाचनालयात संध्याकाळी डोकावले, तर दोन पिढ्या दिसतात. वर्तमानपत्राच्या टेबलाभोवती निवृत्त मंडळी, आणि आतल्या अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी, लोकसेवा आयोग अशा परीक्षांची पुस्तके उघडून बसलेली तरुण मुले. तेरा ते सतरा या वयाचे कोणी सहसा दिसत नाही. हे वय ग्रंथालयातून केव्हा निसटले, आणि त्याला आत आणण्याचे प्रयत्न कोणी व कसे केले, याचा हा धागा. थोडा लांबेल.

२/ आरंभ कारंज्यापासून करू. आज वाशिम जिल्ह्यात असलेले कारंजा (लाड) हे जैन विद्येचे जुने केंद्र. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांची मंदिरे येथे आहेत आणि त्यांच्याशी जोडलेले हस्तलिखितांचे भांडारही. व्रताची सांगता झाली की ग्रंथाची नक्कल करवून घेऊन ती मंदिराला अर्पण करायची, ही शास्त्रदानाची रीत. ग्रंथसंग्रह वाढवण्याची ती मोठी सुंदर पद्धत होती. देणारा बहुधा व्यापारी कुटुंबातला, लिहिणारा लेखक वेगळा, आणि वाचणारे मूठभर.

३/ रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंज्यात काय दडले आहे ते विद्वानांना कळले. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्रा. हिरालाल जैन यांनी पुढे येथील अपभ्रंश ग्रंथांवर काम केले. (नामसाम्यामुळे पुष्कळदा घोटाळा होतो; या दोन स्वतंत्र व्यक्ती आहेत.) १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’, ‘करकंडचरिउ’ छापून आले. प्राकृत आणि मराठी यांच्यामधल्या भाषिक अवस्थेचा मोठा पुरावा या चरितकाव्यांमुळे अभ्यासकांच्या हाती आला.

४/ त्यांतल्या बहुतेक कथा राजपुत्रांच्या आहेत : तारुण्यात पदार्पण करणारे नायक, साहसे, विद्या, विवाह, वैराग्य. म्हणजे विषय थेट किशोरांचा. मात्र शतकानुशतके त्या कथा कापडात बांधलेल्या होत्या. छपाईने त्या बाहेर आणल्या, पण त्या विद्वानांपुरत्याच. तंत्र बदलले की ग्रंथाचे दार उघडते. त्या दारातून आत कोण येईल हे कोणीतरी वेगळे ठरवावे लागते.

५/ आता सार्वजनिक वाचनालये. मराठी मुलखात रत्नागिरीचे १८२८ सालचे आणि नाशिकचे १८४० सालचे वाचनालय हे अगदी आरंभीचे टप्पे. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. अकोला, अमरावती येथे वाचनालये उभी राहिली ती त्यानंतर, त्याच शतकात. ठेवण सगळीकडे साधारण सारखी : अनामत, मासिक वर्गणी, वर्तमानपत्रे, वकील-कारकून-शिक्षक अशी सभासद मंडळी. चौदा वर्षांच्या मुलाने वर्गणी कुठून भरावी, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडण्याचे कारण नव्हते.

६/ वाशिमच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. इंग्रजी अमलात वाशिम हे जिल्ह्याचे ठिकाण होते. १९०५ च्या पुनर्रचनेत तो जिल्हा मोडला. वाशिम व मंगरूळ अकोल्याला जोडले गेले, पुसद यवतमाळला. जिल्ह्याचे ठिकाण गेले की त्याबरोबर कचेऱ्या जातात, नोकरवर्ग जातो आणि वाचनालयाला वर्गणी देणारा वर्गही पातळ होतो. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. मधली त्र्याण्णव वर्षे जिल्हा पातळीवरचे जे काही असेल, ते अकोल्यात.

७/ वाशिमचा जिल्हा मोडला त्याच्या पुढच्याच वर्षी, १९०६ साली, दुसऱ्या एका मराठी माणसाच्या राज्यात आपल्या प्रश्नाला थेट हात घातला गेला. म्हणून येथून थोडे बडोद्याला जाऊ.

८/ नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेले सयाजीराव गायकवाड. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सबंध राज्याला लागू केला. मुलग्यांना साधारण सात ते बारा वर्षे, मुलींना सात ते दहा. कायदा झाला, शाळा भरल्या. मग एक अडचण समोर आली, आणि ग्रंथालयाच्या इतिहासात ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

९/ बाराव्या वर्षी शाळा सुटली. मुलगा शेतात गेला, मुलगी घरकामात. घरात पुस्तक नाही, गावात छापील कागद नाही. काही वर्षांत अक्षरे पुसली जातात. राज्याने पाच वर्षे केलेला खर्च वाया जातो. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीमागचे एक मुख्य कारण हे होते : शिकलेले विसरले जाऊ नये. चळवळीच्या केंद्रस्थानी शाळा सुटलेले मूल होते. ‘किशोर वाचक’ हा शब्द कोणी वापरला नसेल, पण माणूस तोच.

१०/ सयाजीरावांनी अमेरिकेत ग्रंथालये पाहिली होती. तेथून त्यांनी विल्यम ॲलन्सन बॉर्डन यांना बोलावले. १९१० ते १९१३ ते बडोद्यात होते. त्याआधी ते न्यू हेवनच्या ‘यंग मेन्स इन्स्टिट्यूट’ या संस्थेचे ग्रंथपाल होते. तरुण कामकऱ्यांना फावल्या वेळात वाचन व ज्ञान मिळावे, ही त्या संस्थेची परंपरा. निवड योगायोगाने झाली असेल वा विचारपूर्वक. ती नेमकी होती एवढे खरे.

११/ बॉर्डन यांनी ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू केले, मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली. फिरती ग्रंथालये म्हणजे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या. त्या गावोगाव जात आणि वाचून झाल्या की बदलून मिळत, वाहतुकीचा खर्च राज्याचा. गावाने वाचनालय काढायचे ठरवले तर खर्चाचा तिसरा हिस्सा लोकांनी उभा करायचा, तिसरा प्रांत पंचायतीचा, तिसरा सरकारचा. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी खेळ व चित्रे असलेली वेगळी खोली होती. ‘लायब्ररी मिसेलनी’ हे ग्रंथालयविषयक नियतकालिक निघाले ते इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत.

१२/ आणि आता तंत्रज्ञानाचा भाग. या ग्रंथालय खात्याची एक ‘दृश्य शिक्षण’ शाखा होती. चलच्चित्राचे प्रक्षेपक, मॅजिक लँटर्न, स्टिरिओस्कोप, चित्रांचे संच हे सगळे ग्रंथालयाच्या मालकीचे. खेड्यात नेऊन फुकट दाखवायचे. हा काळ १९१२ च्या आसपासचा. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा आहे, हे शेजारी ठेवून पाहावे. जी वस्तू शहरात करमणूक म्हणून नुकती रुजत होती, ती बडोद्यात ग्रंथपालाच्या हाती होती.

१३/ मराठी माणसाला चित्रांचे खेळ नवे नव्हते. कल्याणच्या पटवर्धनांनी १८९२ पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने मॅजिक लँटर्नचे प्रयोग गावोगाव केले होते. बडोद्याचे वेगळेपण एवढेच, की चित्र दाखवणारा आणि पुस्तक देणारा हे एकाच खात्याचे होते. पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीचे पुस्तक मागायला मुलाला दुसरे दार ठोठवावे लागत नव्हते.

१४/ बडोद्याचा आदर्श ब्रिटिश वऱ्हाडाने उचलला नाही. कायद्याच्या वाटेवर पहिले पाऊल टाकले तेही आणखी एका मराठी संस्थानाने : कोल्हापूरचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ चा, देशातला पहिला. त्यानंतर १९४८ मध्ये मद्रासचा, ग्रंथालय कराची तरतूद असलेला.

१५/ महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ सालचा. त्यात ग्रंथालय कर नाही. सरकारने गावोगाव ग्रंथालये चालवण्याऐवजी संस्थांनी चालवावीत आणि सरकारने अनुदान द्यावे, ही त्याची रचना. १९७० च्या नियमांनी ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरले. सभासद किती, ग्रंथ किती, दैनिके-नियतकालिके किती, दार किती तास उघडे, यावर वर्ग, वर्गावर अनुदान. बालविभाग आणि महिला विभाग यांची दखल या व्यवस्थेत आहे. तेरा ते अठरा या वयाचे मात्र वेगळे खाते नाही. मूल बालविभागातून बाहेर पडते आणि प्रौढ सभासद होईपर्यंत नोंदवहीत त्याला घर नाही.

१६/ १९६७ च्याच जानेवारीत पाठ्यपुस्तक मंडळाची, म्हणजे आपल्या ‘बालभारती’ची स्थापना झाली. तिने नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘किशोर’ मासिक सुरू केले. ज्या वयाला ग्रंथालयाच्या नियमांत नाव नव्हते, त्याचे नाव एका मासिकाने मुखपृष्ठावर घातले. खेड्यातल्या शाळेत आणि वाचनालयात हा अंक पोहोचत असे. एका अंकाची पाने सुटेपर्यंत तो किती हातांतून जाई, हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारावे.

१७/ भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे याच वयाच्या वाचकांचा लाडका. त्याची दूरदर्शन मालिका झाली, २०१७ साली चित्रपट आला. पडदा वाचन मारतो असे आपण सहज म्हणून टाकतो. चित्रपट पाहून आलेला मुलगा जेव्हा पुस्तक मागतो आणि वाचनालयात ते नसते, किंवा कुलूपबंद कपाटात असते, तेव्हा दोष पडद्याचा कसा?

१८/ पुन्हा वाशिम. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ११,९७,१६०, त्यातले पाचांतले चार जण खेड्यात. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले जे चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोलीबरोबर वाशिम होते. शिक्षणाच्या निर्देशकांत प्राथमिकमधून उच्च प्राथमिकमध्ये आणि तेथून माध्यमिकमध्ये किती मुले जातात हे मोजले जाते. म्हणजे बडोद्याला ज्या वयाची चिंता होती, तेच वय. सार्वजनिक ग्रंथालय मात्र त्या निर्देशकांत नाही. जे मोजले जात नाही, त्याचा बैठकीत विषय निघणे कठीण.

१९/ याच जिल्ह्यातल्या शिरपूरचे नामदेव कांबळे. ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार, २०२१ साली पद्मश्री. वाशिमच्या किशोराला आपल्या मातीतला लेखक शोधायला पुण्या-मुंबईकडे पाहावे लागत नाही. त्याच्या गावच्या वाचनालयात ‘राघववेळ’ची प्रत आहे का, एवढे पाहावे लागते.

२०/ अभ्यासिकेविषयी नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात : ‘मुले वाचत नाहीत, फक्त परीक्षा देतात.’ मला ते पटत नाही. एका खोलीत भावंडांसह राहणाऱ्या मुलीला शांत खुर्ची, दिवा, पंखा आणि वायफाय मिळणे हीच आधी मोठी गोष्ट आहे. भ्रमणध्वनीवर ती व्याख्याने ऐकते, प्रश्नसंच उतरवून घेते. तिला ग्रंथालयात आणणारे माध्यम हे आहे, जसे १९१२ मध्ये चलच्चित्र होते. उणीव पुढची आहे. अभ्यासिका आणि ग्रंथदालन यांच्यामध्ये बहुधा एक भिंत असते, आणि अभ्यासिकेत बसणारा ग्रंथालयाचा वाचक-सभासद असतोच असे नाही.

२१/ मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ज्या समाजाचा इतिहास मुख्यतः गाण्यांतून आणि गोरबोलीतल्या कथनातून आला, त्याच्यासाठी दृश्य माध्यमाचे मोल मोठे. बडोद्याचा धडा येथे लावून पाहण्यासारखा आहे. तांड्यावरची नववीतली मुलगी ते दालन पाहून बाहेर येते. लाखा बंजारा, सेवालाल महाराज यांच्याविषयी तिला आणखी वाचायचे आहे. तिला पुस्तक देणारी खिडकी किती अंतरावर आहे?

२२/ तांड्याने स्वतः वाचनालय काढावे, तर तेथेही अडचण. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे दीर्घकाळ थांबले. मान्यता नाही म्हणजे अनुदान नाही. कागदोपत्री चालणारी ग्रंथालये शोधून काढणे आवश्यकच होते. पण त्याची किंमत, ज्यांच्या गावात वाचनालय कधी नव्हतेच, त्यांनी मोजली.

२३/ साधनांची मात्र आज टंचाई नाही. ‘किशोर’चे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत, अगदी १९७१ पासूनचे. मराठी विश्वकोश महाजालावर आहे. बडोद्याला पेट्या बैलगाडीने न्याव्या लागत. येथे एक पडदा आणि जोडणी पुरते, आणि ती अभ्यासिकेत आधीच आहे.

२४/ उरतो तो, अभ्यासिकेतल्या मुलीच्या खांद्यावरून डोकावून ‘हे पाहिलेस का?’ म्हणणारा माणूस. बडोद्याने सर्वांत आधी प्रशिक्षित केले ते ग्रंथपाल. आपल्याकडे अनुदानित ग्रंथालयांतले कर्मचारी कित्येक वर्षे वेतनश्रेणी मागत आहेत. लहान वर्गाच्या ग्रंथालयात तोच एक जण कुलूप उघडतो, वर्तमानपत्रे लावतो, नोंदवही भरतो आणि अंधार पडला की दिवे मालवून घरी जातो.