‘एपिगोन’ कोणाला म्हणावे?

वरणगावच्या एका वाचनालयात बोलून झाल्यावर अकरावीतल्या एका मुलीने मला गाठले. “सर, माझ्या कवितांना परीक्षकांनी ‘बहिणाबाईंचे एपिगोन’ म्हटलं. ही शिवी आहे का हो?”

मंडळी, इंग्रजीत आज ती शिवीच आहे. थोराच्या मागे येऊन त्याची री ओढणारा, तो एपिगोन. पण शब्दाचे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ एवढाच, की ‘नंतर जन्मलेले’. ग्रीक कथेत थीब्ज नगरावर सात सरदार चालून गेले. एक सोडून सारे पडले. दहा वर्षांनी त्यांची मुले गेली आणि त्यांनी नगर जिंकले. ही मुले म्हणजे एपिगोन. बापांना जमले नाही ते करून दाखवणारी!

मग शब्द उतरला कसा? १८३२ मध्ये जर्मन महाकवी गटे गेला. चार वर्षांनी इमरमान या लेखकाने ‘एपिगोन’ याच नावाची कादंबरी लिहिली. थोर माणसे होऊन गेली, आपण उशिरा जन्मलो, ही त्या पिढीची खंत. तिथून या शब्दाला नकलेचा वास चिकटला, आणि इंग्रजीने तो तसाच उचलला.

आता बहिणाबाईंचेच पाहा. आसोद्याची ही लेक, अक्षरओळख नाही. १९५१ मध्ये त्या गेल्या. सोपानदेवांनी दाखवलेली गाणी अत्र्यांनी उचलून धरली आणि १९५२ मध्ये पुस्तक आले. पण ओवी काही त्यांनी शोधून काढलेली नव्हती. खानदेशातल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या जात्यावर गातच होत्या. त्या अर्थी बहिणाबाईही नंतर जन्मलेल्याच. परीक्षकांना हे ठाऊक नसेल असे नाही. पण लेवा बोली दिसली की बहिणाबाई आठवायच्या, ही आपल्याकडची खोडच. अहो, ती बोली त्या पोरीच्या घरातली आहे. ती काय पुण्याची भाषा उसनी आणणार?

मी तिची वही मागून घेतली. पहिल्या दोन कडव्यांत जाते होते. “घरी जातं आहे का?” विचारले, तर हसली. मिक्सर आहे म्हणाली. परीक्षक तेवढ्यापुरते बरोबर होते. तिसऱ्या कडव्यात मात्र आयुध निर्माणीतली पाळी संपवून सायकलवरून येणारा बाप होता. ते कडवे मी तिला पुन्हा वाचायला सांगितले.