सेलूची रुई, सरकी आणि पेरॉक्साइड फोडणारे विकर

परभणी जिल्ह्यातले सेलू ही मराठवाड्यातली कापसाची जुनी बाजारपेठ आहे. वेचणीचा कापूस इथल्या जिनिंगमध्ये येतो, तेव्हा त्यातून वजनाने साधारण तिसरा हिस्सा रुई निघते आणि बाकी बहुतेक सरकी. दोघींच्या पुढच्या वाटा वेगळ्या, पण हायड्रोजन पेरॉक्साइड हे रसायन दोघींच्याही वाटेत येते. रुईपासून विणलेले कापड पांढरे करण्यासाठी ते बाहेरून घालावे लागते. सरकी रुजू लागली की ते तिच्या पेशींत आपोआप तयार होते. दोन्ही ठिकाणी ते वेळीच मोडले नाही तर नुकसान होते, आणि दोन्ही ठिकाणी ते मोडण्याचे काम कॅटलेज या विकराकडे, म्हणजेच एन्झाइमकडे, असते.

सेलूच्या पेठेला बळ मिळाले ते रेल्वेमुळे. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मनमाड ते सिकंदराबाद हा मार्ग निजामाच्या राज्यातून १९०० च्या सुमारास सुरू झाला आणि परतूर व मानवत रोड यांच्या मधले सेलू त्यावर आले. हा मार्ग मीटरगेज, तर मनमाडहून मुंबईकडे जाणारा ब्रॉडगेज. म्हणून मुंबईला जाणारा माल मनमाडला उतरवून पुन्हा भरावा लागे. फुगलेली रुई अशी दूर धाडणे परवडत नाही, ती दाबून गठाणी बांधाव्या लागतात. त्यामुळे कापसाच्या पेठेत जिनिंगला प्रेसिंगची जोड आली. १९७२ साली राज्याची एकाधिकार कापूस खरेदी योजना सुरू झाली, २००२ नंतर बीटी वाण आले. व्यापाराची रीत बदलत गेली, रुई आणि सरकी वेगळी करण्याचे मूळ काम मात्र तेच राहिले.

गठाणीतली रुई पांढरी दिसते, पण तिचे कोरे कापड पिवळसर असते; मांजरपाटाचा रंग सर्वांच्या ओळखीचा आहे. धाग्यात सेल्युलोजबरोबर मेण, पेक्टिन आणि थोडी नैसर्गिक रंगद्रव्ये असतात. पूर्वी हा रंग घालवण्याचे काम परिटाचे. खाराच्या पाण्यात भिजवायचे, भट्टीवर वाफवायचे, दगडावर आपटायचे, उन्हात पसरायचे आणि पुन्हा पाणी शिंपडायचे, असे दिवसचे दिवस चाले. युरोपातही कुरणांवर कापड पसरून हेच करत. १७८५ मध्ये बर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीनचा विरंजक गुण दाखवला, १७९९ मध्ये टेनंटने विरंजक चूर्णाचे पेटंट घेतले आणि आठवड्यांचे काम तासांवर आले. मात्र क्लोरीनचा मारा जास्त झाला की सूत कमजोर होते.

हायड्रोजन पेरॉक्साइड १८१८ मध्ये लुई जाक तेनार याने शोधले. पाण्यापेक्षा ऑक्सिजनचा एक अणू जास्त असलेला हा पदार्थ चांदी किंवा प्लॅटिनमचा स्पर्श झाला की फसफसून पाणी आणि ऑक्सिजन यांत मोडतो, हे त्यानेच पाहिले. त्याहून मोलाचे निरीक्षण म्हणजे रक्तातले फायब्रिन आणि प्राण्यांच्या ऊतीही हेच घडवून आणतात. स्वतः न सरता दुसऱ्याची क्रिया घडवणाऱ्या पदार्थांना बर्झेलियसने १८३० च्या दशकात उत्प्रेरक हे शास्त्रीय स्थान दिले, तेव्हा तेनारची ही उदाहरणे त्याच्यासमोर होती. पुढे शोनबाइनने वनस्पतींतही हा गुण दाखवला. तरी हा गुण सगळ्या विकरांत थोडाथोडा असतो की त्यासाठी वेगळे विकर आहे, हा प्रश्न बरीच वर्षे लोंबकळत राहिला. तंबाखूच्या पानांवर काम करणाऱ्या ऑस्कर लोव्हने १९०० साली, म्हणजे सेलूच्या बाजूने आगगाडी धावू लागली त्याच सुमारास, त्याला स्वतंत्र विकर ठरवून कॅटलेज हे नाव दिले. १९३७ मध्ये समनर आणि डाउन्स यांनी बैलाच्या यकृतातून त्याचे स्फटिक मिळवले.

कॅटलेजच्या रेणूचे चार भाग असतात आणि प्रत्येकाच्या गाभ्यात हीम, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनसारखी लोहाची बैठक असते. पेरॉक्साइडचा पहिला रेणू आपला जादा ऑक्सिजन या लोहाकडे ठेवतो आणि पाणी होऊन निघून जातो. दुसरा रेणू येऊन तो ऑक्सिजन उचलतो; त्यातून पाणी आणि ऑक्सिजन वायू मिळतो. लोह पुन्हा मोकळे. विकर नसताना या क्रियेला मोलमागे सुमारे ७५ किलोजूल ऊर्जेचा उंबरठा ओलांडावा लागतो. कॅटलेजमुळे तो तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली येतो. म्हणून विकराचा एक रेणू सेकंदाला लाखो रेणू फोडू शकतो. जखमेवर पेरॉक्साइड टाकताच येणारा फेस हे याच वेगाचे दृश्य रूप आहे. या वेगाला मर्यादाही आहेत: कडक उष्णता, तीव्र अल्कली आणि खुद्द पेरॉक्साइडचा अतिरेक यांनी विकराची घडण बिघडते, तर सायनाइड त्याच्या लोहाला चिकटून काम थांबवते.

सुती कापडासाठी पेरॉक्साइडचा मोठा वापर विसाव्या शतकात रुळला. महाराष्ट्रात वाडिया समूहाची नॅशनल पेरॉक्साइड ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली. तिचा कारखाना कल्याणला उभा राहिला. प्रोसेस हाउसमध्ये कापडाची खळ आणि मेण काढल्यावर कॉस्टिक, सिलिकेट आणि पेरॉक्साइडच्या ९० अंशांहून गरम द्रावणात ते शिजवतात. इथे लोह शत्रू ठरते. गंजलेल्या नळातून किंवा यंत्रातून आलेला लोहाचा कणही पेरॉक्साइड फोडतो, पण त्यातून अतिक्रियाशील मूलके निघतात, ती सेल्युलोज खातात आणि कापडाला बारीक भोके पडतात. कॅटलेजमध्येही लोहच आहे, पण प्रथिनाच्या घडीत बंद, म्हणून तिथून पाणी आणि ऑक्सिजन यांखेरीज काही बाहेर पडत नाही. मोकळ्या आणि बांधलेल्या लोहातला हा फरक या साऱ्या विषयाचा गाभा म्हणावा लागेल.

विरंजनानंतर कापडात थोडे पेरॉक्साइड उरतेच. १९५६ मध्ये धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रिॲक्टिव्ह रंग बाजारात आले आणि हे उरलेले पेरॉक्साइड जाचू लागले. ते रंगाचाच नाश करून छटा फिकी किंवा डागाळलेली करते. उपाय दोनच होते: गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुणे, किंवा थायोसल्फेटसारखे क्षपणक घालणे. पहिल्यात पाणी आणि इंधन जाते. दुसऱ्यात मात्रा जास्त झाली तर क्षपणकच रंग बिघडवतो आणि सांडपाण्यात क्षार वाढतात. बुरशीपासून औद्योगिक प्रमाणात कॅटलेज मिळू लागल्यावर तिसरा मार्ग खुला झाला. कामगारांच्या तोंडी त्याचे नाव ‘पेरॉक्साइड किलर’. द्रावण साधारण ५० अंशांपर्यंत निववून आणि आम्ल घालून उदासीनतेजवळ आणले की दहा ते वीस मिनिटांत काम होते, आणि त्याच पाण्यात रंग घालता येतो. पाण्याची ही बचत महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात फार मोलाची आहे.

सरकीच्या पोटात हेच विकर आधीपासून काम करत असते. तेलघाण्यात गेलेल्या सरकीत ते उष्णतेने संपते; पेरलेल्या सरकीत मात्र रुजताना साठवलेल्या तेलाची साखर होऊ लागते, त्या क्रियेत पेरॉक्साइड निघते आणि पेशीतल्या ग्लायऑक्सिसोम नावाच्या कप्प्यांत कॅटलेज ते तिथल्या तिथे फोडते. रोप हिरवे झाले की हीच जबाबदारी पानांतल्या पेरॉक्सिसोमकडे जाते. बोंडात शिरल्यावर पेरॉक्साइडची भूमिका पालटते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की धाग्याची लांबी वाढून झाल्यावर त्याची भिंत सेल्युलोजने जाड होऊ लागते, ती पेरॉक्साइडच्या इशाऱ्याने. ते शोषून घेणारी द्रव्ये दिली तर भिंत जाड होत नाही, आणि बाहेरून लवकर दिले तर ती वेळेआधीच जाड होऊ लागते.