बेस हाय!

घरात वाद्य आणायचं ठरलं की सज्जन माणसं पेटी आणतात. थोडी धीट माणसं तबला-डग्गा आणतात. फार झालं तर मुलीसाठी सतार. ती महिन्याभरात खोळ घालून भिंतीला टेकवता येते आणि पाहुण्यांवर छाप पडते ती वेगळीच. मी डबल बेस आणला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो: एक व्हायोलिन घ्यावं, त्याला बारा वर्षं साजूक तुपावर पोसावं, आणि सहा फुटांचं झालं की कोपऱ्यात उभं करावं. वाजवणारा त्याच्यामागे उभा राहतो. माझी उंची पाच फूट चार इंच. मी वाजवायला लागलो की वाद्य आपलं आपणच वाजतंय असं समोरच्याला वाटतं. कडी म्हणजे या मापाला त्या धंद्यात 'पाऊण' म्हणतात! जाझवाले बहुतेक सगळे पाऊणच वाजवतात. पूर्ण माप मी अजून पाहिलेलं नाही, आणि आमच्या चाळीच्या जिन्यानं ते कधीच पाहू नये.

हे खूळ डोक्यात शिरलं १९७८ साली. मुंबईत पहिली 'जाझ यात्रा' भरली होती, धोबीतलावच्या रंगभवनात. कचेरीतल्या एका सहकाऱ्याकडे एक तिकीट उरलं होतं, आणि फुकटच्या तिकिटाला नाही म्हणण्याची आमच्या घराण्यात रीत नाही. जाझ म्हणजे पंगतीत सगळ्यांनी एकदम बोलणं, एवढीच माझी समजूत. ती पहिल्या अर्ध्या तासात पक्कीही झाली. मग एकाएकी सगळे थांबले. मागे एक गृहस्थ बराच वेळ कपाट सरकवत असल्यासारखा उभा होता. त्यानं नुसत्या बोटांनी त्या कपाटातून सूर काढायला सुरुवात केली. धुम्... धुम्... धुम्. तो आवाज मी कानांनी ऐकण्याआधी पोटानं ऐकला. घरी आल्यावर ही म्हणाली, "जेवायचं नाही?" मी म्हटलं, "पोटात काहीतरी झालंय." तिनं ओवा दिला. ओव्यानं गेलं नाही.

रंगभवनाच्या आसपासच गोव्याच्या माणसांचे 'कूड' आहेत. एकेका गावचा एकेक क्लब. बोटीवर जाणारे, बोटीवरून येणारे आणि वाजवणारे तिथं पथारी टाकत. तिथं मला अंकल भेटले. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत लहानपणी व्हायोलिन आणि नोटेशन शिकलेले. मग मुंबईला येऊन रात्री हॉटेलात जाझ आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाची गाणी. १९३५ साली लिऑन अॅबीचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला, पाठोपाठ टेडी वेदरफर्ड आला, आणि त्यांच्याकडून ती विद्या गोव्याच्या वादकांनी उचलली. अंकल त्यांच्या पुढच्या पिढीतले. १९५८ साली डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीत बेस वाजवणारा यूजीन राइट त्यांनी मुंबईत ऐकला होता. १९६३ साली ड्यूक एलिंग्टन ऐकला होता. त्या दोन संध्याकाळी ते मुंजीच्या जेवणावळीइतक्या तपशिलानं सांगत.

दोन वर्षं रविवारी मासनंतर शिकवलं आणि मग आपला जुना बेस मला विकला. किंमत सांगत नाही. हे ही वाचणार आहे. फियाट टॅक्सीच्या टपावर, मी खिडकीतून हात काढून धरलेला, अशी आमची वरात गिरगावात पोचली. जिन्यात शेजारचे सातारकडचे पाटील भेटले. त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "बेस हाय!" मला भरून आलं. म्हटलं, "तुम्ही ओळखलंत?" ते म्हणाले, "बेसच हाय की. पन हाय काय ह्ये?"

खरी रड पुढे सुरू झाली. आम्ही पाच-सहा हौशी लोक एका मित्राच्या गॅरेजात जमून वाजवत असू. पहिल्याच दिवशी लक्षात आलं, की मी वाजवतो ते कुणालाच ऐकू येत नाही. ड्रमवाल्याला नाही, पियानोवाल्याला नाही, मलाही नाही. एकदा मी मधेच हात खाली घेऊन पाहिले. गाणं संपल्यावर सगळे म्हणाले, "आज बेस चांगला झाला."

मग मी सल्ले गोळा केले. तारा बदल. घोडी बदल. पिकअप लाव. अॅम्प्लिफायर घे. हे सगळं विकून बेस गिटार घे. पाच जणांनी सात सल्ले दिले. अंकलना विचारलं तर म्हणाले, "पात्रांव, ही कंप्लेंट तुझी नाय. ही फार जुनी कंप्लेंट आहे." मी पुस्तकं उघडली, आणि अंकल म्हणाले ते शब्दशः खरं निघालं. जाझमधल्या बेसचा सगळा इतिहास म्हणजे 'ऐकू येत नाही' या एका तक्रारीचा इतिहास आहे.

न्यू ऑर्लिन्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हे वाद्य गजानं वाजत असे. बिल जॉन्सन नावाच्या वादकाचा गज एकदा कार्यक्रमातच मोडला, म्हणून त्यानं बोटांनी वाजवलं आणि तेच लोकांना आवडलं, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, मला ती आवडते. निम्म्या कलांचा उगम काहीतरी मोडण्यात असतो. पण त्या काळी रेकॉर्डिंग व्हायचं भोंग्यात. सगळ्यांनी एका कर्ण्याकडे तोंड करून वाजवायचं आणि पलीकडे सुईनं मेणावर कोरायचं. त्या सुईला बेसचा आवाज पकडता येईना. म्हणून पुष्कळदा बेसच्या जागी ट्यूबा हा पितळी भोंगा आणत. १९२३ साली किंग ऑलिव्हरचा प्रसिद्ध ताफा रेकॉर्ड करायला गेला. तरुण लुई आर्मस्ट्राँग त्यात होता आणि आपला बिल जॉन्सनही होता. पण त्याच्या हातात बँजो! 'डिपरमाऊथ ब्लूज'मध्ये एका जागी कुणीतरी मोठ्यानं ओरडतं, तोच बिल जॉन्सन. बेस ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस ओरडणार नाही तर काय करणार?

१९२५ साली मायक्रोफोन आला आणि बेसला तोंड फुटलं. तरी रंगमंचावर तुताऱ्यांपुढे निभाव लागायला हवा. न्यू ऑर्लिन्सचा पॉप्स फॉस्टर तार ओढून अशी सोडी की ती लाकडावर फाडकन आपटे. सुराला सूर आणि थपडेला थप्पड. मग कॅन्सस सिटीचा वॉल्टर पेज, काउंट बेसीचा साथीदार. त्यानं मात्रेला एक असे चारही पाय टाकत सारखं चालत राहण्याची रीत रुळवली. आपल्याकडचा ठेका आणि तंबोरा एकाच माणसाकडे दिला तर जे होईल, ते. त्यानं ओरडून नव्हे, न थांबता चालून लोकांना आपली दखल घ्यायला लावली.

आणि मग जिमी ब्लँटन. १९३९ साली एलिंग्टननं हा एकवीस वर्षांचा पोरगा सेंट लुईमध्ये ऐकला आणि लगेच ताफ्यात घेतला. ताफ्यात एक बेसवाला आधीच होता. काही महिने दोघं शेजारी-शेजारी उभे राहून वाजवत. मग पहिला आपणहून निघून गेला. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्या रात्रीच गेलो असतो. एलिंग्टननं पोराला मागून पुढे आणून उभं केलं, त्याला जागा राहील अशा बंदिशी बांधल्या, आणि १९४० साली नुसता पियानो आणि नुसता बेस अशा तबकड्या काढल्या. ब्लँटन १९४२ साली क्षयानं गेला. वय तेवीस. बेसवर सरळ गाणं म्हणता येतं हे जगाला कळायला त्याची दोनेक वर्षं पुरली.

आता तारांचं बघा. ब्लँटनच्या काळी तारा असत तातीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्याच्या. आपली सारंगीसुद्धा तातीवरच बोलते. लहानपणी गल्लीत पिंजारी यायचा, त्याच्या धनुकलीची तात 'टंग् टंग्' करायची. तो आवाज चार जिने खाली उतरवला की जुना जाझ बेस. आवाज गोल, गुबगुबीत आणि लवकर विझणारा. तात हवेबरोबर उतरते-चढते आणि मोठा आवाज हवा तर उंच ताणून बोटं सोलून घ्यावी लागतात. १९५० नंतर पोलादी तारा आल्या. त्या घोडीवर खाली बसवता येतात, बोट भराभर पळतं, सूर लांब टिकतो. १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या पहिल्या चिजेत मुखडा बेसच म्हणतो आणि बाकीचे नुसते 'हो' म्हणतात. कीर्तनात मागचा झांजवाला बुवा व्हावा आणि बुवांनी 'जी जी' करावं, तसं! त्याच सुमारास स्कॉट लाफारो बिल इव्हान्सच्या पियानोशी बरोबरीनं गप्पा मारू लागला. २५ जून १९६१ ला त्यांचं न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमधलं वादन रेकॉर्ड झालं. ६ जुलैला लाफारो मोटार अपघातात गेला, वय पंचवीस. मोडलेला बेस पुढे कारागिरांनी दुरुस्त केला.

राहिला अॅम्प्लिफायर. एव्हरेट हल नावाच्या बेसवाल्यालाही माझंच दुखणं होतं. बेस ज्या खुंटावर जमिनीवर उभा राहतो त्या खुंटावरून त्यानं मायक्रोफोन आत बसवला आणि १९४६ च्या सुमारास कंपनी काढली. आवाज मोठा करणारा खुंट, म्हणून नाव 'अॅम्पेग'. १९५१ साली लिओ फेंडरनं वाद्याचं पोटच काढून टाकलं आणि बेस गिटार केली. ती काखेत मारून लोकलनं जाता येतं. जिन्यात मधोमध अडकलेल्या माणसाला त्या शोधाची थोरवी समजते. पुढे सत्तरीत पिकअप आणि वायर लावून पुष्कळांनी उभ्या बेसचा आवाज एवढा वाढवला की तो रबर ताणल्यासारखा येऊ लागला. मग काही जण पुन्हा तातीकडे वळले. चार्ली हेडननं वरच्या तारा तातीच्याच ठेवल्या. लहानपणी तो घरच्या मंडळींबरोबर रेडिओवर गायचा. पोलिओनं गळा गेला, म्हणून बेसकडे आला. त्याला आवाजाची किंमत आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

हे सगळं वाचून मी शहाणा व्हायला हवा होतो. मी अमेरिकेतल्या मेव्हण्याकडून पिकअप मागवला आणि एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून अॅम्प्लिफायर बांधून घेतला. १९८१ साली एका रिसेप्शनला त्याचं उद्घाटन केलं. पोकळ पोटाच्या वाद्यासमोर स्पीकर ठेवला की त्याचाच आवाज त्याच्याच पोटात शिरून पुन्हा बाहेर येतो, हे पुस्तकात होतं. ते पान मी वाचलं नव्हतं. पहिल्याच सुराला असा भोंगा झाला की परळचे दोन पाहुणे पाळी बदलली समजून घड्याळ पाहू लागले.

अंकल जेवायला आले होते. ताट ठेवून ते स्टेजवर आले. अॅम्प्लिफायरचा खटका बंद केला. ड्रमवाल्याच्या हातातल्या काठ्या काढून घेतल्या आणि तारेचे ब्रश दिले. पियानोवाल्याला म्हणाले, "डावा हात खिशात घाल." मग माझ्याकडे वळले. "आता वाजव. तुला मशीन नाय पाहिजे, पात्रांव. ह्यांना कान पाहिजे." मी वाजवलं. हॉलच्या टोकाला ही बसली होती. घरी येताना म्हणाली, "तो हळू वाजत होता तो तुमचाच ना? तो बरा होता." आमच्या घरात याच्या वरचं बक्षीस नाही.

पण अंकलसाठी काठ्या काढून घेणारं कुणी नव्हतं. ऐंशीच्या दशकात स्टुडिओत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले आणि बेसची पट्टी एकच माणूस बसल्याबसल्या भरू लागला. बोलावणी आठवड्याची होती ती महिन्याची झाली, मग थांबली. गाण्यांच्या तबकड्यांवर गायकाचं नाव, संगीतकाराचं, कवीचं. वाजवणाऱ्याचं नसायचंच. ते फक्त एकदा बोलले. "सगळ्या हिंदुस्थानानं मला ऐकलंय. पण त्याला ते ठाऊक नाय." १९९४ साली गेले.

कुणी विचारलं तर मी आता सल्ला देतो. मुंबईच्या हवेत प्लायवुडचा बेस घ्यावा. खऱ्या लाकडाचा असला तर पावसाळ्यात सरस सुटून सांधे उकलतात. घाबरू नये, सरस सुटला नसता तर लाकूड फुटलं असतं. तारा बोटांना झेपतील तेवढ्याच उंच. पिकअप लावावा, पण आवाज कमी ठेवून. आणि ड्रमवाला निवडताना मुलीसाठी स्थळ बघतो तेवढी चौकशी करावी.

परवा नातू मोबाइलवर जुनं सिनेमाचं गाणं लावून बसला होता. "यात मीच आहे," असं अंकलनी मला सांगितलं होतं, ते गाणं. मी कान देऊन ऐकलं, बेस नाहीच. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला ४१ वेळा थरथरते. तो आवाज त्या टिचभर स्पीकरमधून यायचा कुठून? शंभर वर्षांनी आम्ही पुन्हा भोंग्यात वाजवतोय म्हणायचं. मी त्याला म्हटलं, "ती कानातली बोंडं घाल."

त्यानं घातली. थोडा वेळ मान हलवत राहिला. मग एक बोंड काढून म्हणाला, "आजोबा, हे खाली कोण चाललंय?"

मी त्याला अंकलचं नाव सांगितलं. पूर्ण, गावासकट. त्यानं ते दोनदा म्हणून पाहिलं, बोंड परत कानात घातलं आणि म्हणाला, "बेस आहे!"