पाहुण्याचं ताट

गांधीनगरच्या बाजारात उभे आहात ना? मग जरा कडेला सरका, मागून कापडाच्या गठ्ठ्यांचा हातगाडा येतोय. लग्नसराई आहे. साड्यांच्या घड्या भराभर उलगडताहेत, नव्या कापडाच्या खळीचा वास नाकात भरलाय आणि टेम्पोवाला हॉर्नवरचा हात उचलायला तयार नाही. कोल्हापूरपासून सात-आठ किलोमीटरवरचा हा बाजार. आजूबाजूच्या जिल्ह्यांतले दुकानदार इथूनच माल भरतात.

आता मोबाइल बंद करा. मनगटावरचं घड्याळही काढून ठेवा, त्याचा उपयोग नाही. डोळे मिटा आणि माझा हात सोडू नका. आपल्याला लांब जायचं नाही. जागा हीच. दिवस तेवढा वेगळा: १९४६ सालच्या डिसेंबरची २४ तारीख, मंगळवार, दुपारचे तीन.

उघडा डोळे.

सगळ्यांत आधी कान मोकळे होतील. हॉर्न गेले, जनरेटर गेले. लांबून वाफेच्या इंजिनाची शिट्टी येतेय, मिरजेहून कोल्हापूरला निघालेली गाडी इथल्या वळिवडे स्टेशनात थांबते आहे. मग वास येईल. दीर्घ श्वास घ्या. पंचगंगेकाठची गुऱ्हाळं पेटली आहेत, चुलवाणात चिपाडं धडधडताहेत, काहिलीत उसाचा रस आटतोय आणि तो गोड, धुरकट वास वाऱ्याबरोबर पार इथपर्यंत आलाय. या मोसमात कोल्हापूरच्या हवेला गुळाचा वास असणारच, त्यात नवल नाही. पण त्याच वासात आणखी एक वास मिसळलाय. उकडलेलं बीट, लोण्यावर परतलेला कांदा, भट्टीतून नुकताच निघालेला पाव. हा वास वळिवड्याचा नाही.

समोर बघा. लांबच लांब कौलारू बराकी, ओळीनं, एकीमागे एक. प्रत्येक बराकीत लहान लहान बिऱ्हाडं, प्रत्येक बिऱ्हाडापुढे पडवी, पडवीपुढे हातभर बाग. त्या बागेत वाकून पालापाचोळा गोळा करणारी बाई डोक्याला रुमाल बांधलेली, गोरीपान, उन्हानं नाक लाल झालेली. तिच्या मागून दोन पोरी धावत गेल्या. पिवळ्याधमक वेण्या, डोक्यावर सोला टोप्या, पायात धूळ. त्या एकमेकींना काय ओरडल्या ते तुम्हाला कळलं नाही. कळणार कसं? ती पोलिश भाषा आहे.

इथे साधारण पाच हजार पोलिश माणसं राहतात. बहुतेक बायका आणि मुलं. युद्धात घरादारातून उपटून त्यांना सैबेरियाच्या बाजूला नेलं होतं. तिथे थंडीनं, भुकेनं, तापानं घरंच्या घरं रिकामी झाली. जे वाचले ते इराणात पोचले, तिथून कराचीला आणि १९४३ पासून इथे, करवीर संस्थानच्या या माळावर. बापे पलटणीत गेले. त्यातले काही इटलीच्या डोंगरात कामी आले, काही अजून इंग्लंडात आहेत. इथे बायकांनी गाव उभं केलंय: शाळा, चर्च, दवाखाना, वाचनालय, नाटकाचं थिएटर, पोस्ट. आपले लोक याला सरळ ‘कॅम्प’ म्हणतात.

चला, आधी बाजाराकडे. आज गर्दी आहे, कारण रात्री मोठा सण आहे. कोपर सांभाळा, टोपल्या लागतील. भाजीवाल्या गोणपाटावर बसल्यात. कोबीचे गड्डे, बीट, बटाटे, गाजरं, वर पाणी शिंपडलेलं. कोळ्यानं पंचगंगेचे मासे मांडलेत. आजच्या जेवणात मटण चालत नाही, त्यामुळे त्याच्याभोवती सगळ्यात जास्त कल्ला आहे. आणि तो कासराभर लांब उभा असलेला, पटक्याचं टोक खांद्यावर टाकलेला गडी काय ओरडतोय, ऐका. ‘म्लेको! म्लेको!’ दूधवाला आहे तो. तीन वर्षांत इथल्या व्यापाऱ्यांच्या तोंडात पोलिश बसलीय. दूध, अंडी, किती, महाग, उद्या ये, एवढं तर पोरासोरांनाही येतं.

अंडी विकणाऱ्या या बाईपाशी थांबा. नऊवारीचा काष्टा, कपाळभर कुंकू, मांडीशी भाताच्या पिंजरात मांडलेली अंडी. समोर एक पोलिश बाई उकिडवी बसलीय. ती एकेक अंडं उचलते, कानाशी नेऊन हलवते, उन्हाकडे धरून बघते.

‘घेवा की बाईसाब, सकाळचीच हाईत.’

‘महाग,’ ती बाई मराठीत म्हणते. मग बोटं दाखवते. अंडीवाली मान हलवते, दोन बोटं कमी करते. पुन्हा मान, पुन्हा बोटं. शेवटी सौदा पटतो आणि पोलिश बाई पिंजराकडे बोट दाखवते. तेही मूठभर हवंय. अंडीवाली हसून चांगलं ओंजळभर पिंजर तिच्या पिशवीत कोंबते, त्याचे पैसे घेत नाही. ‘न्या की. त्येला काय मोल!’ हे पिंजर कशाला, ते तुम्हाला रात्री कळेल.

पुढच्या दुकानात खपली गहू, खसखस आणि मध. पोलंडच्या पूर्वेकडून आलेल्या घरांत या रात्री गहू शिजवून त्यात खसखस आणि मध घालतात. आपल्या खपलीच्या खिरीची ती सख्खी बहीण. दुकानदाराला कशाला काय लागतं ते ठाऊक झालंय, तो न विचारता खसखशीची पुडी बांधतो.

आता इकडे या, मुलांच्या बराकींकडे. इथे आई-बाप नसलेली मुलं राहतात. काही पहिल्यापासून इथलीच आहेत. काही नुकतीच आलीत, जामनगरजवळच्या बालाचडीहून. तिथे नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यांना ठेवून घेतलं होतं, मुलं त्यांना ‘बापू’ म्हणायची. यंदा ती छावणी बंद झाली आणि मुलं इथे आली. नवीन मुलं चटकन ओळखू येतात. ती अजून वाट चुकतात, आणि समुद्र कुठल्या बाजूला म्हणून विचारतात.

आत या, वाकून. दुपारभर तापलेल्या कौलांची ऊब आत कोंडलीय. ओळीनं खाटा, घट्ट ओढलेल्या चादरी. मधल्या टेबलावर कणकेची खळ शिजवून ठेवलीय, ती बोटांना, बाह्यांना, एकाच्या केसांनाही लागलीय. रंगीत कागदाच्या साखळ्या बनताहेत. कोपऱ्यात बादलीत सुरूची फांदी रोवलीय, तिच्यावर त्या साखळ्या चढतील. नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा जीभ बाहेर काढून चांदणी कापतोय. चहाच्या पेटीतून निघालेला चकाकता पत्रा त्यानं नखानं घासून सपाट केलाय. एक टोक वाकडं गेलं. तो क्षणभर बघतो, मग उरलेली टोकंही तेवढीच वाकडी कापतो. आता सगळं जमलं.

त्याच्या खाटेकडे नजर टाका. उशीच्या कडेला चादर किंचित फुगलीय. खाली पावाचा तुकडा आहे. जेवण इथे वेळेवर मिळतं, पोटभर मिळतं, पण ज्यानं भूक पाहिलीय त्याचा हात उद्यासाठी काहीतरी ठेवूनच देतो. खाटा बघत फिरणाऱ्या बाईंना हे माहीत आहे. त्या चादर नीट करतात, तुकड्याला हात लावत नाहीत आणि पुढच्या खाटेकडे जातात. या मुलांना कोणी कसं वाढवलं हे जाणून घ्यायचं असेल, तर बाईंचा तो हात लक्षात ठेवा.

ऊन उतरलं. अंगावर शिरशिरी आली ना? डिसेंबरातली कोल्हापूरची संध्याकाळ आहे, शाल हवी होती. या मुलांना मात्र ही थंडी वाटतच नाही. सगळी अंगणात जमलीत, माना वर. आज सकाळपासून नीटसं कोणी जेवलेलं नाही. पहिली चांदणी दिसल्याशिवाय ताटावर बसायचं नाही, असा नेम आहे. धाकटे एकमेकांना ढकलताहेत, मोठे आपल्याला काही फरक पडत नाही असं दाखवताहेत आणि चोरून वर बघताहेत. रुकडीच्या बाजूला आभाळ आधी काळं होतंय. कोणीतरी किंचाळलं. दिसली! बोटं वर गेली, सगळी एकदम आत पळाली. तुम्हीही पळा, नाहीतर दारात चेंगराल.

टेबलावर पांढरी चादर अंथरलीय. हात फिरवून बघा, खाली काहीतरी खरबरीत लागतंय. भाताचं पिंजर! येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून या रात्री जेवणाच्या चादरीखाली गवत पसरतात. पोलंडात सुकं गवत, वळिवड्यात भाताचं पिंजर. बीटाचं लालभडक सार वाफाळतंय. बटाट्याच्या सारणाचे उकडलेले पियेरोगी आहेत, मासे आहेत, गहू-खसखस आहे. वास इतका सरळ पोटात शिरतो की तोंडाला पाणी सुटेल.

पण जेवण अजून नाही. आधी एक पातळ, पांढरा पापुद्रा हातोहात फिरतो. प्रत्येकानं आपला तुकडा पुढे करायचा, समोरच्यानं त्याचा कण मोडून खायचा आणि मोडताना त्याचं चांगलं चिंतायचं. त्याला मीठ नाही, साखर नाही, जिभेवर ठेवताच विरतो. घरात हे आई-बापाबरोबर करतात. इथे मुलं एकमेकांबरोबर करतात. थोरली मुलगी धाकट्या भावापुढे वाकते, दोघं काहीतरी पुटपुटतात, तिचा आवाज मध्येच अडकतो आणि तो तिला हसवायला तिच्या नाकावर टिचकी मारतो. आज चांदणी कापणारा मुलगा बाईंसमोर उभा राहतो. बाई त्याचा कण मोडून खातात आणि मग त्याला जवळ ओढतात.

आता मोजा. माणसं जितकी, त्याहून एक ताट जास्त आहे. बाक तिथे मोकळा आहे, चमचाही मांडलाय. आज रात्री कोणी अनोळखी माणूस दारात आला तर त्याला मागे फिरवायचं नाही, म्हणून हे ताट दर वर्षी वाढतात. ज्यांची वाट बघून थकायला झालं, त्यांचीही आठवण त्या ताटाशी असते.

आज ते तुमचं. बसा. संकोच करू नका, या टेबलावरचे सगळेच कुणाच्या ना कुणाच्या दारात अनोळखी म्हणून उभे राहिले होते. शेजारचा पोरगा तुमच्याकडे टक लावून बघेल आणि मग न विचारता गव्हाचं भांडं तुमच्याकडे सरकवेल. घ्या. मधाची गोडी आधी लागते, खसखस दातांखाली किरकिरते, गहू चिवट आहे, चावावा लागतो.

मध्यरात्री चर्चची घंटा होईल आणि पाच हजारांच्या गावातून बायका-पोरं शाली गुंडाळून निघतील. गाणी सुरू होतील, आधी बिचकत, मग मोकळ्या गळ्यानं. चिंचवाडच्या शेतात दारं धरायला गेलेल्या शेतकऱ्याच्या कानावरही ती जातील. तो जरा थांबेल, फावड्यावर रेलेल आणि मग पुढच्या सरीचं पाणी मोडायला जाईल. अशा रात्री त्यानं याआधी तीनदा ऐकल्या आहेत.

परत फिरायची वेळ झाली. पुढचं झरझर बघून घ्या. १९४८ पर्यंत वळिवड्याच्या स्टेशनातून ही माणसं गाडीत बसून गेली. रिकाम्या बराकींत फाळणीनं घर हरवलेली सिंधी कुटुंबं आली आणि त्यांनी शून्यातून कापडाचा धंदा उभा केला. तेच हे गांधीनगर. एकाच माळानं लागोपाठ दोन उखडलेल्या समाजांना थारा दिला.

ती मुलं जगभर पांगली, पण वळिवडं विसरली नाहीत. त्यांनी भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना केली, एकमेकांकडचे फोटो, पत्रं, आठवणी जमवल्या आणि लंडनमध्ये त्यांचा जाडजूड ग्रंथ काढला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मारक उभं राहिलं. कोल्हापुरातल्या त्यांच्या कबरींची डागडुजी झाली. २०१९ मध्ये म्हातारी झालेली ती मुलं पुन्हा इथे येऊन गेली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

हे सगळं त्यांनी त्यांच्या बाजूनं जपलं. पण त्या बाजारात दोन बाजू होत्या. अंडं उन्हाकडे धरून बघणारी बाई लंडनच्या पुस्तकात सापडेल. पिंजराचे पैसे न घेणारी अंडीवाली तुमच्या-आमच्या घरांतच सापडेल. दूध घालणारे, कपडे शिवणारे, टांगा हाकणारे, बराकी बांधायला गेलेले गवंडी आणि सुतार, त्या बराकींत नंतर पहिली रात्र काढलेली सिंधी आई, यांच्या आठवणी लेकरा-नातवंडांकडे तोंडी आहेत. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदीच्या घरात आहे.

म्हणून वळिवडे, चिंचवाड, रुकडी, गांधीनगर, जिथे तुमचं कोणी असेल तिथे जा आणि विचारा. कॅम्पात काय विकायचात? कोणत्या रस्त्यानं जायचात? कोणाचं नाव आठवतं का? बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याच्या सुरुवातीला सांगणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख मोठ्यानं बोला. जुना फोटो मिळाला तर मागचं अक्षरही टिपा. एक प्रत त्या घरात ठेवा, एक गावच्या वाचनालयात द्या. ज्या गावानं परक्या पोरांना वाढवलं, त्या गावाची बाजू सांगणारी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांच्याकडे या आठवड्यातच जा.